आतल्या बाजूचा पहारा

२००७ साली ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकाच्या एकोणिसाव्या खंडात पाच पानांचा एक शोधनिबंध आला. हवेत टिकून राहणारी पॉलिमर इलेक्ट्रॉनिक साधने, एवढाच त्याचा विषय आणि जवळपास तेवढेच त्याचे शीर्षक. लेखक क्वांगही ली, जिन यंग किम, ॲलन हीगर आणि त्यांचे सहकारी. रसग्रहण कवितेचे होते, कथेचे होते. शोधनिबंधाच्या वाट्याला ते सहसा येत नाही. पण या पाच पानांत एक कल्पना अशी नेमक्या जागी बसवलेली आहे की ती समजल्यावरही पान उलटावेसे वाटत नाही. ती तिथेच का बसली आणि तिच्यामुळे भोवतालच्या किती गोष्टींना अर्थ आला, हे पाहत राहावेसे वाटते.

मी हा निबंध सायखेड्यात, गोदाकाठी वाचतो, आणि वाचनावर या जागेचा परिणाम होतोच. पावसाळ्यात इथली हवा अंगाला चिकटते, डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी आणि पहाटेचे दव, एप्रिलमध्ये चाळिशीकडे निघालेले ऊन. हवेत ओल किती, ती पानावर किती वेळ राहील, ऊन कधी लागेल हे प्रश्न द्राक्षबागेत रोज सकाळी विचारले जातात, कारण भुरी आणि डावणी हे रोग त्याच उत्तरांवर ठरतात. हवा ही निरुपद्रवी पोकळी आहे असे गोदाकाठच्या माणसाला कधीच वाटत नाही. निबंधाचा नायक आणि खलनायक ओळखायला मला त्यामुळे वेळ लागला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्लॅस्टिक म्हणजे वीज अडवणारा पदार्थ, तारेवरचे आवरण, अशीच आपली ओळख. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड, ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पॉलिॲसिटिलीन नावाच्या पॉलिमरला आयोडीनसारख्या हॅलोजनची वाफ दिली तर त्याची वीजवाहकता लाखो पटींनी वाढते. त्या कामासाठी या तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९० मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने पीपीव्ही या दुसऱ्या पॉलिमरच्या पातळ थरातून वीज सोडून हिरवट पिवळा प्रकाश मिळवला. मग प्रकाश देणारे दिवे, प्रकाश घेऊन वीज देणारे सौरघट, ट्रान्झिस्टर असे सगळे पॉलिमरमध्ये करता येईल असे दिसू लागले. पॉलिमर द्रावकात विरघळतो, म्हणजे तो शाईसारखा पसरता येतो, छापता येतो. सिलिकॉनची भट्टी हजार अंशांच्या वर तापवावी लागते. इथे खोलीच्या तापमानाला, लवचीक पत्र्यावर, छापखान्याच्या वेगाने सौरघट निघतील, अशी ती आशा होती.

त्या आशेच्या पोटातच एक जखम होती. ही साधने बनत ती काचेच्या बंद पेटीत. आत नायट्रोजन, बाहेरून रबरी हातमोजे घालून काम. साधन पेटीत उत्तम चाले. बाहेर हवेत काढले की त्याचे आयुष्य मोजायला घड्याळ पुरे, कॅलेंडर लागत नसे.

असे का व्हावे, हे समजल्याशिवाय निबंधाची गोडी कळत नाही. शेतात अंथरलेला मल्चिंग पेपर घ्या. तोही पॉलिमर, पॉलिथीन. त्याच्या साखळीत कार्बनचे अणू एकेरी बंधांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या बंधात घट्ट बांधलेला असतो. म्हणून तो वीज वाहत नाही आणि म्हणूनच टिकतो. इतका टिकतो की त्याचे तुकडे मातीतून वेचून काढायला मजूर लागतात. तोही उन्हात कालांतराने कडक होऊन फाटतो, आणि त्याला काळा रंग देणारे कार्बन ब्लॅक तणाला अंधार देते तसेच अतिनील किरणही अडवते. पण ही झीज हंगामांच्या हिशेबाने होते. वीज वाहणाऱ्या पॉलिमरची साखळी वेगळी असते. तिच्यात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. दुहेरी बंधांतले काही इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे न राहता साखळीभर फिरू शकतात. वीज वाहते ती त्यांच्यामुळे, प्रकाश निघतो आणि शोषला जातो तोही त्यांच्यामुळे. आणि ऑक्सिजनला हवे असतात ते नेमके हेच सैल इलेक्ट्रॉन. प्रकाश पडून साखळी उत्तेजित झाली की ती शेजारच्या ऑक्सिजन रेणूला ऊर्जा किंवा इलेक्ट्रॉन देते, चेतलेला ऑक्सिजन उलट साखळीवर येतो, पीपीव्हीमध्ये दोन वलयांना जोडणारा दुहेरी बंध तोडतो आणि तिथे कार्बन-ऑक्सिजनचे टोक बसवतो. साखळी तिथे तुटली की इलेक्ट्रॉनची वाटही संपली.

या पदार्थाचा गुण आणि त्याची दुखरी जागा एकच आहे. गुण काढून टाकल्याशिवाय दोष काढता येत नाही. चांगल्या शोकांतिकेत नायकाचा नाश त्याच्या थोरपणातूनच येतो. इथे ते रेणूच्या पातळीवर घडते. पॉलिफ्लुओरीन नावाच्या निळा प्रकाश देणाऱ्या पॉलिमरमध्ये तर हे डोळ्यांनी दिसते. साखळीत थोड्याच ठिकाणी ऑक्सिजन शिरून बसला की ऊर्जा त्या ठिकाणांकडे ओढली जाते आणि निळ्याचा हिरवट प्रकाश होतो. बाकीची साखळी धड असूनही तिचा रंग गेलेला असतो.

दुसरी जखम धातूची. पॉलिमरच्या दिव्याची किंवा सौरघटाची रचना थरांची असते: तळाला काच, तिच्यावर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर, मग पॉलिमरचा सुमारे शंभर नॅनोमीटरचा पडदा, म्हणजे केसाच्या जाडीचा पाचशेवा ते हजारावा भाग, आणि वर निर्वातात बाष्प करून बसवलेला ॲल्युमिनियमचा थर. ॲल्युमिनियमकडून पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन जायचे, किंवा सौरघटात पॉलिमरकडून ॲल्युमिनियमकडे यायचे. इलेक्ट्रॉन सहज सोडणारा धातू हवा, आणि असा धातू ऑक्सिजनलाही ते तितक्याच सहज देतो. काही दिव्यांत वापरलेले कॅल्शियम आणि बेरियम तर ॲल्युमिनियमपेक्षाही उतावळे. ॲल्युमिनियमच्या भांड्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच आतल्या धातूला वाचवते. पण साधनात ती साय धातू आणि पॉलिमर यांच्या सांध्यावर धरली की वीज जायचा दरवाजाच बुजतो. धातूच्या थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. त्यांतून ओल आत जाते, छिद्राभोवती दरवाजा बुजत जातो आणि उजळ दिव्यावर काळे ठिपके उमटून गोल गोल वाढू लागतात.

यावर उपाय होताच. निबंधाचे वेगळेपण त्याच्याशी ताडून पाहिले तरच ठसते. उपाय म्हणजे भिंत: साधनावर काचेचे झाकण, कडांना इपॉक्सी, आत ओल शोषणारी पुडी. काच असेपर्यंत हे चालते. पण छापायचा, गुंडाळायचा लवचीक सौरघट काचेत घातला तर तो लवचीक राहिला कुठे? मग प्लॅस्टिकचीच भिंत हवी, आणि प्लॅस्टिकमधून पाण्याची वाफ जाते. पाण्याची बाटली ज्याची करतात त्या पॉलिएस्टरच्या साध्या पडद्यातून एका चौरस मीटरला दिवसाकाठी काही ग्रॅम वाफ पलीकडे जाते. सेंद्रिय दिव्यासाठी मर्यादा सांगितली जाते ती दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा आकडा नुसता वाचून सोडून देऊ नये. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एकरभर पडदा अंथरला आणि त्यातून या मर्यादेइतकी वाफ झिरपू दिली, तर पाण्याचा एक थेंब जमायला साधारण बारा दिवस लागतील. आमच्या बागेतला एकच ड्रीपर ताशी चार लिटर सोडतो. एकराला बारा दिवसांत एक थेंब, इतकी घट्ट भिंत प्लॅस्टिकवर उभारायची तर ऑक्साइडचा थर, वर पॉलिमरचा, पुन्हा ऑक्साइडचा, पुन्हा पॉलिमरचा, अशी उतरंड लावावी लागते. एका ऑक्साइड थरातली छिद्रे दुसऱ्यातल्या छिद्रांसमोर येऊ नयेत, वाट लांब आणि वाकडी व्हावी, हा त्यातला डाव. तो चालतो, पण महाग पडतो, आणि सगळे लक्ष बाहेरच्या कुंपणावर ठेवतो.

ली आणि हीगर यांचा निबंध बाहेरच्या कुंपणाला हातच लावत नाही. तो पहारा आत नेतो, पॉलिमर आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये, म्हणजे जिथे दोन्ही जखमा एकमेकींना लागून आहेत त्या सांध्यावर. तिथे टायटॅनियम ऑक्साइडचा काही दशक नॅनोमीटरचा थर बसतो. निबंधाचा सारा दावा एवढ्यावर उभा आहे: या थरामुळे, कसलेही वेष्टण नसताना, उघड्या हवेत साधनाचे आयुष्य जवळपास शंभरपट होते.

टायटॅनियम ऑक्साइड आपल्या रोजच्या ओळखीचा. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला पांढरेपणा तोच देतो. पण त्याचे चांगले स्फटिक हवे असतील तर साडेचारशे अंशांच्या वर तापवावे लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पॉलिमरचा कोळसा होईल. लेखकांनी तो हट्ट सोडला. टायटॅनियमच्या एका सेंद्रिय संयुगाचे अल्कोहोलमधले द्रावण पॉलिमरवर फिरवून पसरायचे आणि हवेत ८० अंशांना दहा मिनिटे ठेवायचे. हवेतल्या ओलीशी संयोग होऊन त्याचा ऑक्साइड होतो. स्फटिक होत नाही, एक पारदर्शक, बिनस्फटिकी थर होतो. ही कृती याच गटाच्या आदल्या वर्षीच्या निबंधात सविस्तर आहे. ज्या ओलीपासून साधन वाचवायचे तीच ओल रक्षक घडवताना कामाला लावली आहे, हा तपशील माझ्या फार आवडीचा. लेखक त्याच्यावर थांबत नाहीत, वाचकाने थांबावे.

हा थर अपुरा आहे, आणि तिथेच त्याचे मोल आहे. पूर्ण टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये टायटॅनियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असतात. इथे ते प्रमाण मोजले तर १.३४ च्या आसपास भरले होते. भट्टी टाळल्यामुळे राहिलेली ही उणीव दुसऱ्या कुणी दोष म्हणून नोंदवली असती. पण ऑक्सिजन कमी असलेला ऑक्साइड ऑक्सिजनला धरू पाहतो. पॉलिमरकडे निघालेला ऑक्सिजन वाटेतच अडतो, आणि काही प्रमाणात वाटेतच खर्ची पडतो. लेखक थराला दोन कामे देतात: अडवणे आणि टिपून घेणे. पहिले काम कुठलीही भिंत करते. दुसरे काम भिंतीकडून कुणी मागत नव्हते.

आमच्याकडच्या द्राक्षाच्या पेटीत हे दोन्ही पहारे शेजारी शेजारी दिसतात. मण्यावर निसर्गाने दिलेला पांढुरका मेणाचा थर असतो. तो पाणी आत धरून ठेवतो. बेदाणा करायचा झाला की हाच थर सैल व्हावा म्हणून घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, आणि मग मणी भराभर वाळतो. हा झाला अडवणारा पहारा. निर्यातीच्या पेटीत मात्र तेवढ्यावर कुणी विसंबत नाही. घडांवर सोडियम मेटाबायसल्फाइटचा पॅड ठेवतात. पेटीतली ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशीला वाढू देत नाही. पेटी कितीही चांगली असली तरी थोडी ओल आत असणारच, हे आधीच मान्य केलेले असते. पॅड त्या मान्यतेतून आला आहे, आणि मला या निबंधाची प्रकृती तशीच वाटते. थेंबभर हवा आत येणारच असे तो गृहीत धरतो, आणि येईल त्या हवेचे आत काय करायचे ते ठरवतो. अभेद्य कुंपणाच्या मागे लागलेल्या क्षेत्रात हा वेगळा स्वभाव होता.

आता या थराची बाकीची कामे पाहा, कारण निबंधाची घट्ट वीण त्यांत आहे. सांध्यावर कुठलाही अडसर घातला तर हवेबरोबर वीजही अडायला हवी. इथे ती अडत नाही. या ऑक्साइडची ऊर्जापातळी अशी आहे की इलेक्ट्रॉन पॉलिमरकडून ॲल्युमिनियमकडे त्यातून सुखाने जातात, आणि उलट विद्युतभाराचे वाहक, ज्यांना भौतिकीत होल म्हणतात, ते मात्र अडतात. म्हणजे हा पहारेकरी माणूस ओळखून दार उघडतो. शिवाय आदल्या वर्षीच्या त्या निबंधात हाच थर वेगळ्याच कारणासाठी आणला होता. सौरघटात आत आलेला आणि ॲल्युमिनियमवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून काही ठिकाणी तीव्र, काही ठिकाणी क्षीण होतो, आणि धातूला लागून असलेली जागा नेमकी क्षीण पडते. मध्ये पारदर्शक थर घातला की पॉलिमर धातूपासून थोडा दूर सरकतो आणि तीव्र प्रकाशाच्या पट्ट्यात येतो. त्या वेळी कार्यक्षमता सुमारे निम्म्याने वाढल्याचे लेखकांनी दाखवले होते. प्रकाशासाठी आणलेला थर हवेपासूनही राखतो, हे त्यानंतर ध्यानात आले. एका थराकडे चार कामे, आणि चारही त्याच्या घडणीतूनच आलेली. एकही वरून चिकटवलेले नाही. शब्द न वाढवता अर्थ वाढवणे ही कवितेची कसोटी मानतात. थर न वाढवता काम वाढवणे ही साधनाची तशीच कसोटी मानायला हरकत नाही.

निबंधाच्या निवेदनशैलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लेखकांनी साधन उघडे ठेवले. काचेचे झाकण घालून, कडा बुजवून मग थराचा गुण मोजला असता तर आकडे अधिक देखणे आले असते. पण मग श्रेय झाकणाचे किती आणि थराचे किती, हे कळले नसते. उघड्या हवेत, शेजारी शेजारी, थर असलेले आणि नसलेले साधन ठेवायचे आणि दोघांची घसरण बघायची: ही मांडणी इतकी सरळ आहे की वाचकाला लेखकांवर विश्वास ठेवावा लागत नाही, तो समोर ठेवलेल्या घसरणीवर ठेवता येतो. मला हा प्रामाणिकपणा निबंधातल्या रसायनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अर्थात शंभरपट हा शब्द फार झळकतो, आणि झळकणाऱ्या शब्दापाशी वाचकाने सावध व्हावे. आयुष्य तासांत मोजले जात असेल तर शंभरपट म्हणजे काही दिवस किंवा काही आठवडे. शेताच्या बांधावर उभ्या सौरपॅनेलकडून आपण वीस-पंचवीस वर्षांची अपेक्षा करतो. त्या मापाने हा निबंध वेष्टणाची गरज संपवत नाही. वेष्टण थोडे कमी कडक चालेल, एवढी सवलत मिळवून देतो. ती सवलत लहान नाही. एकराला बारा दिवसांत एक थेंब या अटीऐवजी शंभर थेंब चालणार असतील, तर साध्या, स्वस्त पडद्याचाही विचार करता येतो. निबंधाचे खरे व्यावहारिक वजन इथे आहे, आणि लेखकांनी ते याहून ठळकपणे मांडायला हवे होते असे मला वाटते.

दुसरी गोष्ट टिपून घेण्याच्या कामाची. माझ्या मनात तिथे एक हिशेब सुरू होतो. तीस नॅनोमीटरच्या थरात, एका चौरस मीटरमध्ये, टायटॅनियम ऑक्साइड भरेल फार तर ग्रॅमचा दहावा भाग. त्यातली सगळीच्या सगळी ऑक्सिजनची उणीव भरून निघाली असे मानले तरी तो थर दहा-पंधरा मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन पचवू शकणार नाही. म्हणजे टिपून घेणे हे मर्यादित भांडवल आहे. ते संपले की उरते फक्त अडवणे. सुरुवातीचे दिवस कोणत्या कामाने वाचवले आणि नंतरचे कोणत्या, हे वेगळे काढून दाखवले असते तर निबंध आणखी पक्का झाला असता.

तिसरी शंका अधिक खोल आहे. टायटॅनियम ऑक्साइडवर अतिनील किरण पडले की तो प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवतो. काचेवर त्याचा पातळ थर देऊन आपोआप साफ होणाऱ्या खिडक्या बनवतात त्या याच गुणावर: काचेवर चिकटलेला सेंद्रिय मळ तो उन्हात जाळून टाकतो. पॉलिमरही सेंद्रियच. ऑक्सिजन टिपताना लेखकांना हाच प्रकाशक्रियेचा गुण मदतीला येतो. मग तोच गुण लागून असलेल्या पॉलिमरवर कधीच उलटणार नाही याची खात्री काय? पुढच्या वर्षांत अनेक गटांनी टायटॅनियम आणि झिंक ऑक्साइडच्या थरांबाबत अतिनील किरणांचे हे दुहेरी वागणे तपासले. काही साधने तर अतिनील किरण मिळाल्याशिवाय नीट चालूही होत नाहीत असे दिसले. निबंधात या बाजूला फारसा उजेड नाही. मी ते उणे म्हणून धरत नाही, कारण पहिल्या मांडणीने सगळी दारे उघडावीत अशी अपेक्षा करू नये. पण सायखेड्याच्या वाचकाला हे दार दिसतेच. इथे ऊन बेताचे नसते.

कडांचा प्रश्न राहतो तोही सांगून टाकतो. आतला थर वरून येणाऱ्या हवेला तोंड देतो. हवा बाजूनेही येते, थरांच्या फटीतून आडवी सरकत. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत फ्रेडरिक क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून तो साधनात कुठून शिरतो आणि कुठे जाऊन बसतो याचा माग काढला. ते काम याच्या जोडीने वाचले तर हा निबंध अधिक उलगडतो: हा सांगतो पहारा कुठे ठेवायचा, ते सांगते चोर कोणत्या वाटेने येतो.

हीगर यांच्यासाठी हा विषय नोबेलनंतरची फुरसत नव्हता. १९७७ च्या त्या पॉलिमरची पहिली तक्रारच हवेची होती. पॉलिॲसिटिलीन हवेत ठेवले की त्याची वाहकता उतरत जाई. तीस वर्षांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते त्याच तक्रारीकडे परत आलेले दिसतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे जुने सहकारी मॅकडायर्मिड यांचे निधन झाले होते. हीगर ज्या कंपनीचे एक संस्थापक होते, त्या कोनार्काचे नाव ओडिशातल्या सूर्यमंदिरावरून घेतलेले होते आणि लवचीक पॉलिमर सौरघट विकणे हा तिचा उद्योग होता. २०१२ साली ती दिवाळखोरीत गेली. सिलिकॉनच्या पॅनेलचे भाव त्या वर्षांत वेगाने कोसळत होते. चांगल्या कल्पनेलाही बाजाराची वेळ गाठावी लागते, हे द्राक्षाच्या हंगामात उशिरा छाटणी केलेल्या बागेला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरी या विचाराचा वारसा आपल्या हातात आहे. लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव ज्या मोबाइलवर बघतात, त्यांतल्या कितीतरींचा पडदा सेंद्रिय दिव्यांचा आहे. त्यातले रेणू लहान आहेत, लांब साखळीचे पॉलिमर नव्हेत, पण हवेची भीती तीच. वळणाऱ्या पडद्याच्या मोबाइलमध्ये अकार्बनी आणि सेंद्रिय थरांची तीच आलटून पालटून उतरंड असते. आणि बांधावरच्या सौरपंपाच्या पॅनेलमध्ये हीच गोष्ट उलटी होऊन बसली आहे. तिथे वीज करणारा सिलिकॉन दणकट. त्याला जपणारा पॉलिमर नाजूक. काचेखाली सिलिकॉनला कवेत घेणारा ईव्हीए नावाचा पॉलिमर उष्णतेत आणि ओलीत ॲसिटिक आम्ल सोडतो, उन्हाने तपकिरी पडतो, धातूच्या पट्ट्या गंजवतो. मुंबईच्या आयआयटीमधल्या राष्ट्रीय सौरविद्युत संशोधन केंद्राने २०१३ पासून देशभर फिरून चालू पॅनेलची तपासणी केली. उष्ण प्रदेशांत झीज जास्त, आणि छपरांवरच्या छोट्या बसवणुकींत ती मोठ्या प्रकल्पांपेक्षा अधिक, असे त्यांना आढळले. प्रयोगशाळेतली घसरण आणि उन्हातान्हातली घसरण यांच्यात अंतर असते. ते मोजायला कुणाला तरी छपरावर चढावे लागते.

२०११ साली जगभरच्या प्रयोगशाळांनी सेंद्रिय सौरघटांचे आयुष्य कसे मोजावे याचे सामाईक संकेत ठरवले: अंधारात ठेवून, दिव्याखाली ठेवून, बाहेर उघड्यावर ठेवून, तापमान वरखाली करून. ली-हीगर यांचा निबंध त्याच्या चार वर्षे आधीचा. त्यामुळे त्यांचे शंभरपट आणि दुसऱ्या कुणाचे शंभरपट एका तराजूत घालता येत नाहीत. निबंध त्याच्या काळात वाचावा, हे खरे. पण ही कल्पना गोदाकाठच्या हवेत एकदा उभी करावी असे मला मनापासून वाटते. परिसरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या छपरावर हे करता येईल: एकाच दिवशी केलेली साधने, निम्म्यांत टायटॅनियम ऑक्साइडचा थर, निम्म्यांत नाही, त्यांतली काही अतिनील किरण गाळणाऱ्या काचेखाली, काही उघड्यावर. जूनमध्ये ठेवायची, दर पंधरा दिवसांनी मोजायची, शेजारी आर्द्रता, तापमान आणि अतिनील किरणांची नोंद ठेवायची. पावसाळ्याचे महिने अडवण्याचे काम किती होते ते सांगतील, जानेवारीतले दव रात्रीच्या ओलीबद्दल सांगेल. मला सर्वांत जास्त उत्सुकता ऑक्टोबरच्या आकड्यांची आहे. तेव्हा जमिनीतली ओल ओसरलेली नसते आणि ऊन मात्र कडक झालेले असते. पाणी आणि अतिनील किरण दोन्ही थराला एकाच वेळी भेटतात, आणि त्याच्या चार कामांतले कोणते आधी थकते ते तिथे कळेल.